उघड्या पाठीचा स्पीकर

स्पीकरचा कागदी कोन पुढे सरकला की त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी त्याच्यामागची हवा विरळ होते. प्रत्येक स्पीकर असे एकाच वेळी दोन आवाज काढतो. दोन्हींची ताकद सारखी असते, फेज मात्र नेमका उलटा. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर आवाज पातळ आणि किणकिणा येतो, कारण मागची विरळ हवा कडेवरून वळून पुढच्या दाबलेल्या हवेला मिळते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांची तरंगलांबी लहान असल्यामुळे ते यातून वाचतात, खर्ज मात्र नाहीसा होतो. जाणकार याला ध्वनीचे शॉर्ट सर्किट म्हणतात.

ते थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मागचा आवाज पेटीत कोंडून टाकणे. आज दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे स्पीकर पेटीचे असतात. दुसरा मार्ग असा, की स्पीकर एका रुंद फळीवर बसवायचा आणि मागच्या आवाजाला पुढे येण्यासाठी लांबचा वळसा घालायला लावायचा. ही फळी म्हणजे बॅफल, आणि मागून उघडा ठेवलेला असा स्पीकर म्हणजे ओपन बॅफल. घरी करायचा म्हटला तर लाकूडकाम याच्याइतके सोपे दुसऱ्या कोणत्याही स्पीकरचे नाही. मांडणी मात्र याच्याइतकी कोणत्याच स्पीकरची नाजूक नाही, कारण पेटीने करायचे निम्मे काम इथे खोली करते.

या पद्धतीचे वय आधुनिक स्पीकरइतकेच आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये फिरत्या कॉईलच्या स्पीकरवरचा आपला निबंध मांडला. कोनाच्या पुढचा आणि मागचा आवाज वेगळा ठेवणारी फळी किती गरजेची आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. त्यानंतरची तीन-चार दशके घराघरातला रेडिओ याच तत्त्वावर वाजत होता. फिलिप्स किंवा ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी यांसारखा व्हॉल्व्हचा रेडिओ मागून पाहिला तर लाकडी खोक्याच्या पाठीला फक्त भोके पाडलेला पुठ्ठा दिसतो. ती भोके व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाण्यासाठी होती, पण त्यांतून स्पीकरचा मागचा आवाजही मोकळा बाहेर पडत असे. जुन्या रेडिओवरच्या बातम्या आणि नाट्यगीते मोकळ्या गळ्याची वाटत, त्यामागे हेही एक कारण होते. रेडिओ तेव्हा गावात एकत्र बसूनही ऐकला जाई: १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला. एका संचाभोवती गावकरी बसत, ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करत.

एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये लहानशा बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला आणि उघडी फळी मागे पडली. लहान पेटी कपाटावरही मावते, हा तिचा मोठा गुण होता. तरी उघड्या पाठीची परंपरा तुटली नाही. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर दोन्ही बाजूंनी मोकळा होता. पुण्याच्या केडेन्स कंपनीने वरच्या स्वरांसाठी इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि खालच्या स्वरांसाठी वूफर असे जोडस्पीकर बनवले, ते याच घराण्यातले. साध्या कागदी कोनाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे सुट्या स्पीकरवर, उघड्या फळीचे शास्त्र पक्के करण्याचे श्रेय मात्र सर्वांत जास्त सिगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांना जाते. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रे घडवणाऱ्या या अभियंत्याने ओरायन आणि एलएक्स५२१ हे स्पीकर रचले. आराखडे त्यांनी घरी बनवणाऱ्यांना उपलब्ध करून दिले आणि गणितही लोकांना समजावून सांगितले. आज हौशी माणूस जे करतो, त्याचा बराचसा पाया त्यांनी घातलेला आहे.

त्या गणितातला कामाचा भाग थोडा आहे. फळीच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून वळसा घालून आलेला आवाज यांच्या वाटांतला फरक ढोबळमानाने फळीच्या निम्म्या रुंदीइतका धरतात. ९० सेंटिमीटर रुंदीच्या फळीसाठी तो ४५ सेंटिमीटर होतो. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्या हिशोबाने अशी फळी साधारण १२७ हर्ट्झपर्यंत बंद पेटीच्या बरोबरीने चालते आणि त्याखाली प्रत्येक सप्तकाला ६ डेसिबेलने उतरते. एक सप्तक खाली, म्हणजे ६४ हर्ट्झच्या आसपास, ती पेटीच्या ६ डेसिबेल मागे पडते. वरच्या बाजूला ३८० हर्ट्झच्या सुमारास उंचवटा येतो, कारण तिथे मागचा आवाज अर्धी तरंगलांबी चालून, म्हणजे सुलटा होऊन, पुढच्याला मिळतो. ७६० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. ड्रायव्हर फळीच्या नेमक्या मध्यावर बसवला तर हे चढउतार टोकदार होतात. एका कडेपासून ३८ आणि दुसरीपासून ५२ सेंटिमीटर असा बाजूला सरकवला तर ते पसरून सौम्य होतात. म्हणून चांगल्या जोडीत डावी फळी उजवीचे प्रतिबिंब असते.

दुसरी गोष्ट दिशेची. फळीच्या पुढे आणि मागे आवाज भरपूर असतो, पण ऐन बाजूला दोन्ही आवाज सारख्या अंतराने पोचतात, फेजने उलटे असतात आणि शून्य होतात. नाकासमोरच्या रेषेपासून ६० अंशांवर आवाज निम्म्या दाबाचा होतो आणि ९० अंशांवर मिटतो. वरून पाहिले तर हा आकार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो. यामुळे समोर बसलेल्याला तेवढाच आवाज पोचवताना उघडी फळी खोलीत एकूण एक-तृतीयांश ऊर्जाच सोडते, म्हणजे भिंतींवरून घुमून येणारा आवाज सुमारे ४.८ डेसिबेलने कमी होतो. उघड्या फळीचा खरा फायदा हाच आहे. पेटीच्या भिंतींची थरथर नसते आणि पेटीत अडकून मागे राहिलेला गुरगुराट कोनातून परत डोकावत नाही, हा त्याच्या जोडीचा लाभ.

यातून काय ऐकायचे, हे आधी ठरवावे लागते. उदाहरणासाठी मराठवाड्यातले एक गाव घेऊ. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांचा, जन्म झाला आणि गावातले राममंदिर त्या नावाशी जोडलेले राहिले. अशा गावात घरचा स्पीकर मुख्यतः ज्यासाठी लावला जाईल, ते संगीत म्हणजे मनुष्याचा गळा, बाजाची पेटी, पखवाज किंवा तबला, झांजा, टाळ आणि वीणा. सिनेमातले स्फोट आणि डीजेचा ठोका ही गरज नाही, आणि या फरकाने सगळे गणित बदलते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला तर तो १३८.६ हर्ट्झवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झवर, आणि मंद्र पंचम १०४ हर्ट्झवर. कीर्तन आणि भजन ऐकण्यासाठी स्पीकर ७० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे पोचला की पुरे. ही मर्यादा मनापासून स्वीकारली तर उघडी फळी स्वस्त आणि साधी राहते. ३० हर्ट्झचा हट्ट धरला तर ती अवाढव्य आणि महाग होते, आणि तरीही पेटीची बरोबरी करत नाही.

कारण असे. तोच आवाज एक सप्तक खालून काढायचा तर पेटीतल्या कोनाला चौपट हलावे लागते, उघड्या फळीवरच्या कोनाला आठपट. कागदाचा कोन आणि त्याची किनार एका हद्दीपलीकडे जात नाही. तिथे आवाज फुटतो, आणि पुढे कॉईल मॅग्नेटच्या तळावर आपटते. म्हणून उघड्या फळीला मोठा कोन लागतो. खर्जासाठी १२ इंच ही खालची मर्यादा समजावी. १५ इंची मिळाला तर उत्तम.

ड्रायव्हर निवडताना वॅटचा आकडा पाहून भुलू नये. पाहायचा आकडा म्हणजे क्यूटीएस. नैसर्गिक कंपनसंख्येजवळ कोनाला किती लगाम आहे, हे तो सांगतो. पेटीसाठी बनवलेल्या बलवान मॅग्नेटच्या वूफरचा क्यूटीएस ०.३ ते ०.४ असतो. तो उघड्या फळीवर लावला तर खर्ज कोरडा आणि दुबळा येतो. उघड्या फळीला ०.७ ते १ च्या आसपासचा क्यूटीएस हवा. १ असला तर कंपनसंख्येवर आवाज वरच्या पट्ट्याच्या बरोबरीत राहतो, ०.७ ला तो ३ डेसिबेल खाली येतो, आणि १.४ ला उलट ३ डेसिबेल चढतो. हा चढ फळीमुळे होणारी घट काही अंशी भरून काढतो. म्हणजे लहान मॅग्नेटचा, जुन्या धाटणीचा, कापडी किनारीचा वूफर इथे महागड्या वूफरपेक्षा सरस ठरू शकतो. कंपनसंख्या ४० ते ६० हर्ट्झच्या दरम्यान असावी. क्यूटीएस कमी असेल तर ड्रायव्हरच्या ओळीत एक-दोन ओहमचा रेझिस्टर घालून तो वाढवता येतो, पण त्यात वीज वाया जाते.

हे सामान जालन्यात सहज मिळेलच असे नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या दोन बाजारांत मात्र इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने ओळीने आहेत. उत्पादकाने छापलेले माप-पत्रक मागून घ्यावे. पत्रक न देणाऱ्या दुकानातून वूफर घेऊ नये. विकत घेतलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची दोन परीक्षा घरीच घेता येतात. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ६ ओहम दाखवतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, आणि सेलचे धन टोक ड्रायव्हरच्या धन टोकाला असले, तर कोन बाहेर सरकला पाहिजे. ही दुसरी परीक्षा दोन्ही फळ्यांच्या सगळ्या ड्रायव्हरवर करावीच. एक जरी उलटा जोडला गेला तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात, आणि बनवणारा महिनाभर दोष खोलीला देत बसतो.

घरच्या पहिल्या प्रयोगासाठी समतोल रचना अशी: प्रत्येक बाजूला एक १२ इंची वूफर आणि एक ८ इंची पूर्णपट्टा (फुल-रेंज) ड्रायव्हर. ८ फूट बाय ४ फूट प्लायच्या एकाच तक्त्यातून दोन्ही फळ्या निघतात. २४४ सेंटिमीटर लांबीतून ९० सेंटिमीटरचे दोन तुकडे कापले की प्रत्येकी ९० रुंद आणि १२२ उंच अशा फळ्या मिळतात. उरलेल्या भागातून १५ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या निघतात, त्या पाय आणि मागचे आधार म्हणून लागतात. प्लाय १८ किंवा १९ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचा घ्यावा. एमडीएफ कापायला सोपा असतो, पण पावसाळ्यात कडा फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. सागवानाची अखंड फळी दिसायला देखणी, मात्र रुंद लाकूड ऋतूप्रमाणे वाकते. फळी एकसंध आणि जड असणे महत्त्वाचे. लाकडाच्या जातीने आवाज गोड होतो, या समजुतीत फारसे तथ्य नाही.

पूर्णपट्टा ड्रायव्हरची उंची बसण्याच्या पद्धतीवरून ठरवावी. परदेशी आराखडे खुर्चीवर बसणाऱ्याचा कान साधारण मीटरभर उंच धरतात. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्याचा कान ७५ ते ८५ सेंटिमीटरवर असतो. ड्रायव्हरचा मध्य ८० सेंटिमीटरवर घेतला तर ही फळी भारतीय बैठकीला नेमकी बसते. वूफर त्याखाली, जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर. जमीन जवळ असल्यामुळे खालच्या कडेवरून होणारी गळती थांबते.

१२ इंची ड्रायव्हरसाठी सुमारे २८० मिलिमीटर व्यासाचे भोक लागते, पण अचूक माप ड्रायव्हर हातात आल्यावरच घ्यावे. सुताराला एक गोष्ट बजावून सांगावी: भोकाची मागची कड ४५ अंशांत तासून काढायची. तशी न तासता सोडली तर पूर्णपट्टा ड्रायव्हर बोगद्याच्या तोंडाशी बसवल्यासारखा होतो आणि मागचा आवाज गुदमरतो. ड्रायव्हर लाकडी स्क्रूने न बसवता मागून नट दिलेल्या मशीन-स्क्रूने बसवावा, कारण प्रयोगात तो अनेकदा काढावा लागतो. फळी उभी ठेवायला मागून तिरपे आधार द्यावेत. कोन पुढे झेपावतो तेव्हा तेवढ्याच जोराने मॅग्नेट मागे रेटतो आणि फळी डुलली तर टाळाची कड बोथट होते. जालना हे पोलादाचे शहर. सळया लाटणाऱ्या गिरण्यांमुळे लोखंडाचे काम तिथे मुबलक चालते. लोखंडी चौकोनी नळीची चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली तर लाकडी आधारापेक्षा ताठ आणि टिकाऊ होते. नळीत कोरडी वाळू भरावी, म्हणजे ती घणघणत नाही.

फळीच्या बाजूंना मागे वळवलेले पंख जोडून रुंदी वाचवता येते. १५ सेंटिमीटरपर्यंतचे पंख चालतात. फार खोल केले तर मागे तीन बाजूंनी बंद पोकळी तयार होते, तिचा स्वतःचा नाद उमटू लागतो आणि उघडेपणाचा फायदा जातो.

वूफर आणि पूर्णपट्टा यांची वाटणी करताना एक सुंदर योग जुळतो. फळीचा आवाज खालून वर सप्तकाला ६ डेसिबेलने चढतो. वूफरच्या ओळीत घातलेली साधी तांब्याची कॉईल वर जाताना सप्तकाला ६ डेसिबेलनेच उतरवते. एका उताराने दुसरा चढ सपाट होतो. १३० हर्ट्झपासून उतार हवा असेल तर ८ ओहमच्या वूफरला सुमारे १० मिलिहेन्रीची कॉईल लागते. ती मोठी आणि जड असते, पण तिच्या तारेचा रोध क्यूटीएस थोडा वाढवतो, आणि इथे तो दोष नसून उपकारच आहे. या सपाटीकरणात वूफरची ताकद खर्च होते, म्हणून तो पूर्णपट्ट्यापेक्षा ३ ते ६ डेसिबेल अधिक संवेदनशील निवडावा. पूर्णपट्ट्याला खर्जापासून वाचवण्यासाठी ओळीत कपॅसिटर घालावा. अंतिम मूल्ये मोजून आणि ऐकून ठरतात, कागदावरचा हिशोब फक्त सुरुवात करून देतो. ज्यांना खर्च परवडतो त्यांनी दोन ॲम्प्लिफायर आणि डिजिटल क्रॉसओव्हर वापरावा, कॉईल गुंडाळण्याची वेळच येत नाही. ॲम्प्लिफायर २० ते ३० वॅटचा असला तरी घरातल्या ऐकण्याला पुरतो.

आता खोली. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात दगड-मातीच्या रुंद भिंती असतात, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचन आणि पांढऱ्या मातीचा थर. तुळईची लांबी मर्यादित असल्यामुळे खोल्या अरुंद आणि लांबट होतात. भिंतीत कोनाडे, फडताळे आणि खुंट्या असतात, खाली बहुधा सारवलेली जमीन. स्पीकरच्या दृष्टीने ही खोली शहरातल्या काँक्रीटच्या चौकोनापेक्षा कितीतरी दयाळू आहे. तुळयांमुळे छत सपाट राहत नाही, मातीचा गिलावा वरचे स्वर थोडे शोषतो, आणि २० सेंटिमीटर खोल कोनाडे साधारण ४३० हर्ट्झच्या वरचा आवाज विखरून टाकतात.

अरुंद खोलीचा एरवीचा दोष असा, की समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक स्वर घुमत राहतो. ३ मीटर रुंदीला तो ५७ हर्ट्झ येतो. फळ्या खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवल्या तर त्यांची शून्य आवाजाची बाजू नेमकी या भिंतींकडे येते आणि हा घुमारा जवळजवळ उठतच नाही. फळ्या आतल्या बाजूला १५ अंश वळवल्या तरी समोरच्या आवाजाच्या सुमारे पावपटच जोर भिंतींना लागतो. पेटीचा स्पीकर बाजूच्या भिंतीजवळ ठेवला की आवाज बिघडतो, उघडी फळी तिथे अगदी हातभर अंतरावर चालते.

मागच्या भिंतीचे मात्र तसे नाही. घरी बनवणाऱ्यांचे बहुतेक अपयश इथेच घडते. फळी भिंतीला टेकवली तर सारा उद्योग व्यर्थ जातो. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत पुढे येतो, आणि तो ६ मिलिसेकंदांनी तरी उशिरा यावा, म्हणजे कान त्याला मूळ आवाजात न मिसळता खोलीचा आवाज म्हणून वेगळा ओळखतो. त्यासाठी फळी भिंतीपासून किमान एक मीटर दूर हवी. एक मीटर ही सक्तीची गोष्ट समजावी. जिथे तेवढी जागा देता येत नाही, तिथे पेटीचा स्पीकर घ्यावा.

एक मीटरच्या पुढे कुठे थांबायचे, हे खर्जाच्या हिशोबाने ठरते. मागचा आवाज उलट्या फेजचा असल्यामुळे तो अर्धी तरंगलांबी जास्त चालून आला की सुलटा होऊन मदत करतो, आणि पूर्ण लांबी चालला की मारतो. फळी १.२ मीटरवर ठेवली तर मदत ७१ हर्ट्झला होते, म्हणजे काळी एकच्या खर्जाच्या तारेशी, आणि मार १४३ हर्ट्झला बसतो, म्हणजे षड्जाच्या अगदी शेजारी. ऐकणारा अडीच मीटरवर बसला असेल आणि भिंत कठीण असेल तर मदत साडेतीन डेसिबेलची आणि मार सहा डेसिबेलचा होतो. एक मीटरवर हेच आकडे ८६ आणि १७१ हर्ट्झ होतात, दीड मीटरवर ५७ आणि ११४. पैकी कोणतीही जागा निर्दोष नाही. म्हणून एक फळी १.१ आणि दुसरी १.३ मीटरवर ठेवून खड्डे वेगवेगळ्या स्वरांवर पाडावेत. अंतराच्या या फरकाने ऐकण्याची जागा किंचित बाजूला सरकते, तेवढी तडजोड बरी. मागची भिंत सपाट न ठेवणे हाही उपाय आहे. घट्ट भरलेले पुस्तकांचे कपाट, धान्याच्या कोठ्या किंवा कोनाडे यांनी परतणारा आवाज फुटतो. या भिंतीवर जाड गादी टांगून सगळे शोषून घेण्याचा मोह टाळावा. गादी वरचे स्वर खाते आणि खर्ज तसाच सोडते, त्यामुळे उघड्या फळीचा मोकळेपणा जातो आणि घुमारा मागे राहतो.

६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोलीत मांडणी अशी बसते: फळ्या मागच्या भिंतीपासून सुमारे १.२ मीटरवर, दोघींच्या मध्यांमध्ये १.८ मीटर, बैठक फळ्यांपासून अडीच मीटरवर. बैठकीमागे दोन मीटरहून अधिक मोकळी जागा उरते, ती आवश्यकच आहे. पाठ भिंतीला टेकवून बसणाऱ्याच्या कानाशी खर्ज फुगतो. फळ्यांची तोंडे ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या थोडे मागे एकमेकांना छेदतील इतकी वळवावीत. आवाजाचा वेग चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात सेकंदाला ३५५ मीटरपर्यंत चढतो आणि वर दिलेले सर्व आकडे तीन-साडेतीन टक्क्यांनी सरकतात. ते मनावर घेण्याचे कारण नाही.

स्लॅबच्या घरात काम अवघड होते. फरशी, सिमेंटचा गिलावा आणि सपाट छत आवाज चेंडूसारखा परतवतात. तिथे फळ्या आणि बैठक यांच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा घोंगडी टाकावी आणि बैठकीमागच्या भिंतीवर गोधड्यांची चळत रचावी. पत्र्याच्या घरात छत स्वतःच वाजते. कापसाच्या गाद्या वर बांधल्याशिवाय तिथे कोणताच चांगला स्पीकर संगीताला न्याय देऊ शकत नाही.

गावातली घरे भिंतीला भिंत लागून असतात, हेही विचारात घ्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे. बाजूला आवाज न सोडणारी फळी ही मर्यादा पाळायला पेटीपेक्षा सोपी जाते, कारण घुमून भिंतीपलीकडे जाणारा खर्ज तिच्यात मुळातच कमी असतो.

मांडणी झाल्यावर ती तपासावी. संगणकावर चालणारी आरईडब्ल्यू ही मोजणीची प्रणाली मोफत मिळते. मोजणीचा मायक्रोफोन मित्रांमध्ये एक असला तरी पुरतो. तेही नसेल तर फोनवर ६० ते २०० हर्ट्झचे सूर एकामागून एक वाजवावेत आणि कोणता सूर बुडतो, कोणता फुगतो, ते लिहून घ्यावे. त्यानंतर ओळखीच्या गळ्याचे ध्वनिमुद्रण लावावे, शक्यतो ज्याचे गाणे किंवा कीर्तन समोर बसून ऐकलेले आहे अशाचे. गळा छातीतून आल्यासारखा जड वाटला तर फळ्या थोड्या पुढे घ्याव्यात. नाकातून आल्यासारखा वाटला तर कॉईल कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि त्यावर निदान दोन-तीन दिवस ऐकून मगच दुसरा.

उघड्या पाठीला देखभाल लागते. धूळ, उंदीर आणि कुंभारमाशी यांना ड्रायव्हरची मागची बाजू मोकळी मिळते. पातळ मलमलीचा पडदा मागून ताणून बसवावा, आवाज त्यातून निर्वेध जातो. वाळवीच्या भागात फळीचे लाकूड जमिनीला टेकवू नये, लोखंडी पायच द्यावेत. जोर लावून वाजवल्यावर कोन जास्त हलतो असे दिसले तर आवाज कमी करावा. ७० हर्ट्झच्या खालचे सूर गाळणारी कळ किंवा फिल्टर ॲम्प्लिफायरमध्ये असेल तर तो कायम चालू ठेवावा.

जागा ठरली की फळ्यांच्या पायांभोवती जमिनीवर रंगाने खुणा कराव्यात आणि मागच्या भिंतीपासूनची अंतरे फळीच्या पाठीवर लिहून ठेवावीत. दिवाळीच्या साफसफाईत सामान हलते, आणि उघडी फळी वीतभर सरकली तरी आवाज बदलतो.